बारा पिंपळांवरचा मुंज्या परत येतोय, पण तो मुळात होता कोण?

७ जून २०२४ ला 'मुंज्या' थिएटरात लागला तेव्हा त्यात एकही मोठा हिरो नव्हता. अभय वर्मा, शर्वरी वाघ, मोना सिंग, सुहास जोशी आणि साऊथचे सत्यराज अशी टीम होती आणि मेन रोल होता कॉम्प्युटरवर तयार केलेल्या एका भुताचा. बजेट साधारण ३० कोटींचं सांगितलं गेलं. हिंदी इंडस्ट्रीच्या हिशोबात ही रक्कम किरकोळच. पण पिक्चर चालला आणि भारतातली कमाई १०० कोटींच्या पुढे गेली.

मग जे व्हायचं तेच झालं. जानेवारी २०२५ मध्ये मॅडॉक फिल्म्सने आपल्या हॉरर कॉमेडी पिक्चर्सची पुढच्या काही वर्षांची यादी जाहीर केली. 'स्त्री ३', 'भेडिया २' यांच्यासोबत त्यात एक नाव होतं 'महामुंज्या'. तारीख दिली होती २४ डिसेंबर २०२७.

म्हणजे मुंज्या परत येणार. पण कोकणातल्या आणि देशावरच्या आज्यांनी ज्या मुंज्याची भीती घातली, तो आणि पिक्चरमधला मुंज्या एकच आहे का? तो सूड घेतो का? आणि भुतांच्या पिक्चरला सिक्वेल इतका सोपा का जातो? एकेक करून बघूया.

सोडमुंज राहिली आणि मुंज्या झाला

मुंज्या हा शब्द 'मुंज' यावरून आला. मुंज नावाचं एक गवत असतं. उपनयनाच्या वेळी बटूच्या कमरेला या गवताची मेखला बांधायची पद्धत होती, म्हणून त्या संस्काराचंच नाव मुंज पडलं. मुंज झाली की मुलगा ब्रह्मचारी होतो. शिक्षण संपलं की सोडमुंज करायची, म्हणजे ती मेखला सोडायची आणि मुलगा लग्न करून संसाराला लागायला मोकळा. आज मुंज आणि सोडमुंज बऱ्याचदा एकाच दिवशी उरकतात. पूर्वी या दोन्हींच्या मध्ये काही वर्षं जायची.

मुंज झाली, पण सोडमुंज व्हायच्या आत मुलगा गेला, तर तो मुंजा किंवा मुंज्या होतो, अशी समजूत होती. तो पिंपळावर राहतो, कधी विहिरीपाशी असतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला घाबरवतो, खोड्या काढतो. वेताळ किंवा ब्रह्मराक्षसाच्या मानाने त्याचा त्रास कमी समजला जायचा, कारण काही झालं तरी ते एक पोरच.

मराठीत एक वाक्प्रचार आहे, 'बारा पिंपळांवरचा मुंजा'. एका जागी न टिकणाऱ्या, सतत भटकणाऱ्या माणसाला असं म्हणतात. गंमत बघा, या वाक्प्रचारात भीती कुठेच नाही. आहे तो अस्थिरपणा. ज्याला स्वतःचं घर झालं नाही, तो या झाडावरून त्या झाडावर जात राहतो.

आता ही समजूत कोणत्या काळातली, तेही लक्षात घ्या. लसी नव्हत्या, अँटिबायोटिक्स नव्हती. देवी, पटकी आणि पुढे प्लेग आला की घरंच्या घरं रिकामी व्हायची. लहान मुलं जाणं ही जवळपास प्रत्येक घरातली गोष्ट होती. मुंज लावली, पाहुणे जेवले आणि काही दिवसांत तो मुलगाच गेला, असं कित्येक घरांनी बघितलं असणार. मुलगा पूर्ण गेला नाही, पिंपळावर आहे, ही कल्पना भीतीची आहे तशीच दुःखाचीही आहे.

प्रत्येक भुताचं काहीतरी राहून गेलेलं असतं

मुंज्या हा एकटा नाही. मराठी भुतांची भली मोठी यादी आहे आणि ती एका ब्रिटिश काळातल्या पुस्तकात नीट नोंदवलेली सापडते. त्या पुस्तकामागची गोष्टही विलक्षण आहे.

नाशिकचा कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन हे नाव शाळेच्या इतिहासात वाचलेलं असेल. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये अनंत कान्हेरे यांनी त्याला गोळ्या घातल्या. हा जॅक्सन लोकसमजुतींची माहिती गोळा करत होता. गावोगावच्या शाळामास्तरांकडून प्रश्नांची उत्तरं मागवायची, अशी त्याची पद्धत होती. त्याच्या मृत्यूनंतर आर. ई. एन्थोवेन या अधिकाऱ्याने ती माहिती लावून घेतली आणि कोकणाचा भाग १९१५ मध्ये पुस्तक म्हणून आला. त्यात मुंजा आहे, वेताळ आहे, समंध, देवचार, खवीस, झोटिंग, हडळ, जखीण, लावसट असे सगळे आहेत.

ही यादी वाचताना एक गोष्ट सारखी जाणवते. प्रत्येक भुताची ओळख तो माणूस कोणत्या अवस्थेत मेला यावरून ठरते.

मुंजा म्हणजे सोडमुंजीआधी गेलेला मुलगा. हडळ म्हणजे बाळंतपणात किंवा बाळंतपणानंतरच्या दहा दिवसांत गेलेली बाई. जखीण म्हणजे नवरा जिवंत असताना गेलेली, लावसट म्हणजे विधवा म्हणून मेलेली. समंध हा जीव संपत्तीत अडकलेल्या माणसाचा. ब्रह्मराक्षस विद्या असून गर्वाने वाया गेलेल्या ब्राह्मणाचा.

थोडक्यात, या यादीत त्या काळचा समाजच दिसतो. कोणाची मुंज होते, बाईची ओळख नवऱ्यावरून कशी ठरते, बाळंतपण किती धोक्याचं होतं, हे सगळं भुतांच्या नावांत बसलंय. जातीची आणि बाईपणाची उतरंड मेल्यावरही सुटत नाही.

आणि सगळ्यांत समान धागा एकच, काहीतरी राहून गेलंय. इच्छा अपुरी आहे.

पिक्चरने काय बदललं?

(ज्यांनी 'मुंज्या' अजून बघितला नाही त्यांच्यासाठी पुढे थोडे स्पॉयलर आहेत.)

पिक्चरची गोष्ट १९५२ मध्ये सुरू होते. कोकणातला गोट्या नावाचा मुलगा आपल्यापेक्षा सात वर्षांनी मोठ्या मुन्नीच्या प्रेमात पडतो. घरचे त्याची मुंज लावतात, मुन्नीचं लग्न दुसरीकडे होतं. गोट्या तिला मिळवण्यासाठी चेटुकवाडीत आपल्या सख्ख्या बहिणीचा बळी द्यायला निघतो आणि त्या झटापटीत स्वतःच मरतो. मुंजीनंतर दहा दिवसांच्या आत गेला म्हणून तो मुंज्या होतो. पुढे अनेक वर्षांनी त्या बहिणीचा नातू बिट्टू त्याच्या तावडीत सापडतो. मुंज्याचं मागणं एकच, लग्न लावून दे.

दिग्दर्शक आदित्य सरपोतदार आणि लेखकांनी लोककथेतला सांगाडा तसाच ठेवला. मुंज, झाड, अपुरं राहिलेलं लग्न. पण दोन मोठे बदल केले.

पहिला बदल म्हणजे मुंज्याला गुन्हा दिला. लोककथेतल्या मुंज्याची चूक एवढीच की तो लवकर मेला. पिक्चरमधला गोट्या मरायच्या आधीच बहिणीच्या गळ्यावर सुरा धरायला तयार असतो.

दुसरा बदल त्याच्या हट्टात आहे. मुन्नीला काय हवंय हे गोट्या विचारत नाही, आणि मुंज्या झाल्यावरही कोणत्या मुलीला काय हवंय हे तो विचारत नाही. 'मला ती पाहिजे' एवढंच. एकतर्फी प्रेमाला आपल्याकडच्या पिक्चर्सनी इतकी वर्षं हिरोगिरी म्हणून विकलं, इथे तोच हट्ट भुताच्या तोंडी आहे आणि तो किळसवाणा दिसतो. पोट धरून हसवताना पिक्चर हे काम गुपचूप करून जातो. बहुतेक रिव्ह्यूंमध्ये चर्चा व्हीएफएक्सची झाली, पण 'मुंज्या' २०२४ चा पिक्चर वाटतो तो या बदलामुळे.

भूत मारायचं की त्याला जागा द्यायची?

पिक्चरमध्ये शेवटी भुताचा बंदोबस्त करावा लागतो. लोकपरंपरेत मात्र वेगळा मार्ग दिसतो. तिथे भुताला जागा देतात, मान देतात.

महाराष्ट्रात अनेक गावांत पिंपळाखाली किंवा शेताच्या बांधावर मुंजोबा असतो. शेंदूर लावलेला दगड, वर्षातून एकदा नैवेद्य. जळगाव जिल्ह्यात यावल तालुक्यातलं अट्रावल तर मुंजोबाच्या यात्रेसाठीच ओळखलं जातं. ज्याला घाबरायचं, त्याच्यामागे 'बा' लागला आणि तो गावचा देव झाला. कोकणात देवचाराचं तसंच आहे. भुतांच्या यादीतला देवचार गावाची वेस सांभाळतो असं मानतात आणि त्याला 'राखण' देतात.

कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. त्यांच्या शहराचं नावच एका असुराच्या शेवटच्या इच्छेवरून पडल्याची कथा आहे. अंबाबाईने कोल्हासुराला मारलं, तेव्हा त्याने मरताना मागितलं की या जागेला माझं नाव राहू दे आणि दरवर्षी माझ्या नावाने कोहळ्याचा बळी दिला जावा. देवीने ते मान्य केलं. आजही नवरात्रात ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या टेकडीवर जाते, कुमारिकेच्या हातून कोहळा फोडला जातो आणि त्याचे तुकडे मिळवायला झुंबड उडते.

बघा, असुर हरला, तरी शहर त्याच्या नावाने ओळखलं जातं. त्याची इच्छा दरवर्षी पुरी होते, त्यामुळे सूड घ्यायला परत यायचं कारणच उरत नाही. लोककथेच्या भाषेत सांगायचं तर कोल्हासुराचा सिक्वेल बनूच शकत नाही.

पिक्चरचं भूत मात्र इच्छा अपुरी ठेवूनच हरतं. म्हणून ते परत येऊ शकतं.

पैसे कमी, मग भूत दाखवायचं कसं?

भूत परत आणायचं ठरलं तरी ते पडद्यावर दिसायला लागतं. आणि कमी पैशांत अशक्य ते दाखवायची मराठी माणसाची खोड जुनी आहे. तिची सुरुवातही कोल्हापुरातच सापडते.

बाबूराव पेंटर यांनी परदेशी कॅमेरा परवडत नाही म्हणून कोल्हापुरात स्वतः कॅमेरा बनवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीतून १९२० मध्ये 'सैरंध्री' काढला. त्यांच्याच तालमीतून बाहेर पडलेल्या व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल वगैरे मंडळींनी १ जून १९२९ ला कोल्हापुरात प्रभात सुरू केली. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली, पण त्याआधी १९३२ मध्ये 'माया मच्छिंद्र' आला होता. नाथपंथातली गोष्ट, मायानगरी, चमत्कार आणि ते दाखवायला ट्रिक फोटोग्राफी. मंगळवार पेठेतला जयप्रभा स्टुडिओ, भालजी पेंढारकरांची कर्मभूमी, हा याच परंपरेतला. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत तो पेटवला गेला आणि भालजींनी तो पुन्हा उभा केला.

पुढे साठेक वर्षांनी मराठीत भुताटकी आणि कॉमेडी एकत्र करून हिट करून दाखवली ती महेश कोठारे यांनी. १९९३ चा 'झपाटलेला'. गँगस्टर तात्या विंचू मरता मरता आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो आणि तो बाहुला लक्ष्या बोळकेच्या मागे लागतो. मूळ कल्पना १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले' या हॉलिवूडपटावरून घेतलेली. पण त्यातला विनोद, हवालदार, बाबा चमत्कार, कुबड्या खवीस, सगळं अस्सल मराठी. खवीस हा शब्दही थेट भुतांच्या त्या जुन्या यादीतलाच.

तेव्हा व्हीएफएक्स नव्हतं. तात्या विंचू हलला, बोलला तो शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांच्या कसबामुळे. आवाज दिलीप प्रभावळकरांचा. बाहुल्याच्या आत माणसाचा हात होता हे सगळ्यांना माहीत होतं, तरीही नव्वदच्या दशकातली पोरं रात्री घरातल्या बाहुल्या कपाटात कोंडून झोपायची.

'मुंज्या'ने हेच काम कॉम्प्युटरवर केलं. आदित्य सरपोतदार हे मूकपटांच्या काळात पिक्चर काढणाऱ्या नानासाहेब सरपोतदारांच्या घराण्यातले. २०२२ मध्ये त्यांनी 'झोंबिवली' करून डोंबिवलीत झोंबी सोडले होते. तिथे मराठी बजेटमध्ये जे जमलं, ते 'मुंज्या'मध्ये त्यांनी मोठ्या पातळीवर केलं. स्टारच्या मानधनात जाणारा पैसा वाचला आणि भुतावर खर्च करता आला. हॉरर कॉमेडी कमी बजेटमध्ये चालते त्यामागे हेच साधं गणित आहे. लोक हिरोला बघायला येत नाहीत, भुताला बघायला येतात.

सिक्वेल म्हणजे वारसा

'झपाटलेला'चा दुसरा भाग यायला २० वर्षं लागली. ७ जून २०१३ ला 'झपाटलेला २' आला. योगायोग म्हणजे बरोबर ११ वर्षांनी त्याच तारखेला 'मुंज्या' लागला. 'झपाटलेला २' थ्रीडीमध्ये होता आणि मराठीतला पहिला थ्रीडी पिक्चर म्हणून त्याची जाहिरात झाली.

पण एक मोठी अडचण होती. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ मध्येच गेले होते. मग तात्या विंचूने मागे लागायचं कोणाच्या? उत्तर सोपं होतं, लक्ष्याच्या मुलाच्या. आदिनाथ कोठारेने आदित्य बोळकेचं काम केलं आणि बाहुल्याचं वैर पुढच्या पिढीवर आलं.

आता 'मुंज्या' आठवा. गोट्या मेला १९५२ मध्ये, त्याने मानगूट धरलं बहिणीच्या नातवाचं. तो दिसतोही फक्त रक्ताच्या नात्यातल्यांनाच. दोन्ही गोष्टींत भूत वारसाने मिळतं. आजोबांच्या पिढीने जे दाबून ठेवलं, त्याबद्दल घरात कोणी बोललं नाही, आणि ते नातवाच्या खांद्यावर येऊन बसलं.

हेच कारण आहे की भुतांच्या पिक्चरला सिक्वेल जड जात नाही. हिरोची गोष्ट लग्नाने किंवा विजयाने संपते. भुताची गोष्ट घराणं आहे तोवर चालू राहते. बॉक्स ऑफिसलाही ते पटलंय. १५ ऑगस्ट २०२४ ला आलेला 'स्त्री २' हा पहिल्या भागापेक्षा कितीतरी मोठा हिट झाला.

पडद्याबाहेरच्या मुंज्याचं काय?

इथवर सगळी गंमत. पण एक गोष्ट गंमतीत काढता येत नाही.

'मुंज्या'मध्ये नरबळीचा प्रयत्न दाखवलाय आणि भूत उतरवणारा एल्विस करीम प्रभाकर नावाचा विनोदी बाबाही आहे. थिएटरात त्यावर हशा पिकतो. थिएटरबाहेर 'हिला लागिर झालंय', 'याला बाहेरचं आहे' असं म्हणत आजारी माणसाला बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हे प्रकार घडत आलेत.

याविरुद्ध कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर अनेक वर्षं लढले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच सरकारने वटहुकूम काढला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. लोक त्याला जादूटोणाविरोधी कायदा म्हणतात.

हा कायदा काय सांगतो, ते थोडक्यात असं:

• भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारहाण करणं, चटके देणं, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा आहे.
• नरबळी किंवा अघोरी प्रथा करणं, त्याला उत्तेजन देणं हाही गुन्हा आहे.
• एखाद्याला भूत-पिशाच ठरवून त्याचं जगणं मुश्कील करणं, भुताची भीती घालून दवाखान्यात जाण्यापासून रोखणं, हेही यात येतं.
• शिक्षा किमान ६ महिने ते कमाल ७ वर्षं कैद आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंड.

पूजा-अर्चा, कीर्तन, यात्रा यांना हा कायदा हात लावत नाही. भुताची गोष्ट सांगणं किंवा भुताचा पिक्चर काढणं हाही गुन्हा नाही. गुन्हा तेव्हा होतो, जेव्हा भुताच्या नावाने जिवंत माणसाला त्रास दिला जातो.

फिट येणं, अचानक भलतंच बोलायला लागणं, झोप उडणं, भास होणं या आजाराच्या खुणा असू शकतात आणि त्यावर उपचार आहेत. घरात कोणाला असा त्रास असेल तर सरकारच्या टेलि-मानस या हेल्पलाइनवर १४४१६ या नंबरला फोन करता येतो. फोन मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. कोणी अंगारा-धुपाऱ्याच्या नावाखाली मारहाण करत असेल तर पोलिसांत तक्रार करता येते.

मग 'महामुंज्या'मध्ये काय बघायचं?

पहिल्या भागाच्या शेवटी वरुण धवनचा 'भेडिया' येऊन गेला, म्हणजे मुंज्या आता मोठ्या युनिव्हर्सचा भाग झालाय. तसं झालं की बजेट वाढतं, स्टार वाढतात, मारामारी वाढते. 'महा' या उपसर्गातच ते दिसतं. धोका एवढाच आहे की बारा पिंपळांवर भटकणारं ते पोर मोठ्या मोठ्या राक्षसांच्या गर्दीत हरवून जाईल.

कारण मुंज्याची ताकद त्याच्या आकारात कधीच नव्हती. त्याचं आयुष्य मधेच थांबलं, यात ती होती. लोकांनी ते ओळखलं, म्हणून पिंपळाखाली एक दगड मांडला, त्याला शेंदूर फासला आणि वर्षातून एक नैवेद्य ठेवला. पहिल्या पिक्चरने त्याच्या हट्टाला भूत ठरवलं, तेही पटलं. आता सिक्वेल त्याला फक्त मारणार की त्याचं राहून गेलेलं काय होतं ते पुन्हा एकदा विचारणार, यावर 'महामुंज्या' मोठा ठरेल की नुसता महागडा, ते कळेल.